माळ, चाक आणि कडं

रविवार, ८ डिसेंबर १९७४

आजपासून लिहायला घेतो. शेषरावमामांचा तसा आग्रह आहे. ते पूर्वी पलटणीत टेलिफोनच्या तारा टाकायचे; तिथे रोजच्या कामाची नोंद ठेवावी लागते, आणि जो लिहीत नाही तो तीच चूक पुन्हा करतो, असं ते म्हणतात. माझी शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखनात मी कधी मागे नव्हतो. शब्द अडला तर मामांच्या शब्दकोशात बघीन.

काम असं आहे. अडाण नदीवर आमच्या उपसा सिंचन संस्थेचा पंप आहे. पंपावरून पाइप निघतो, गावाजवळ संस्थेच्या खोलीमागून जातो, पुढे फुलचंदभाऊंच्या शेतातल्या मधल्या कुंडीवर (कुंडी म्हणजे दार उघडून शेतात पाणी सोडायची जागा), आणि तिथून थेट हिवराच्या कुंडीवर. ती शेवटची. तिथे आमच्या वस्तीची आणि तांड्याची जमीन आहे. यंदा तिथे पहिल्यांदाच गहू पेरला. त्यात आईचा दीड एकर.

पाळीच्या सकाळी ज्याची पाळी असेल त्याने पंप चालवणाऱ्या मदनसिंगला कळवायचं, की आमचं दार उघडं आहे, पाणी सोडा. निरोप आला नाही तर पाणी वाया जाऊ नये म्हणून ते मधल्या कुंडीला जातं. आणि एकदा कुणाच्या वाफ्यात पाणी शिरलं की ते मोडायचं नाही, म्हणजे मध्येच दुसरीकडे वळवायचं नाही, ही इकडची जुनी रीत. वैऱ्याचं असलं तरी मोडत नाहीत. शेवटच्या कुंडीवरून माणूस नदीवर पोचेपर्यंत फुलचंदभाऊंच्या वाफ्यात पाणी चमकत असतं. गेल्या वर्षी आमचा हरभरा असाच वाळला. गहू तर हरभऱ्यासारखा सोशिक नाही.

म्हणून मामांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून पलटणीचे चार टेलिफोन आणले. हँडल फिरवलं की दुसरीकडे घंटी वाजते. संस्थेने ते लावायला परवानगी दिली आणि मामांनी माझं नाव सांगितलं.

तार कशी टाकायची यावर आज ओसरीत बोलणं झालं. मामांनी तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली माळ. एकच तार पंपावरून निघते, खोली, मधली कुंडी, शेवटची कुंडी अशी एकेक मणी ओवत जाते. दुसरं चाक. पंप म्हणजे तुंबा, तिथून प्रत्येक ठिकाणी वेगळा आरा. तिसरं कडं. माळेचंच शेवटचं टोक फिरवून पुन्हा पंपावर आणून जोडायचं.

"मग सगळ्यात चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"चांगलं ते, ज्याले तार पुरते," मामा म्हणाले.

तार माळेपुरतीच आहे. माळ ठरली. माझ्या मते काम अवघड नाही. मी ते नीट करीन.

गुरुवार, १२ डिसेंबर

तार उभी राहिली! बाभळीचे खांब, आणि प्रत्येक खांबावर बाटलीचा गळा कापून बसवला आहे. काचेतून वीज जमिनीत उतरत नाही. तार एकच आहे. परतीची वाट जमिनीतून. त्यासाठी प्रत्येक टेलिफोनशेजारी लोखंडी कांब ठोकली आहे. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि कांब सुटी पडते, म्हणून तिच्या बुडाशी रोज तांब्याभर पाणी घालायचं, असं चारी ठिकाणी सांगून आलो.

पहिलं बोलणं मामांशी झालं. संस्थेच्या खोलीतला टेलिफोन तेच सांभाळतात. "जय भीम, देवमन. आवाज येते काय?" एवढंच ते बोलले, आणि मी दोनदा हो म्हणालो.

घंटीची खूण अशी: पंपाला एक, खोलीला दोन, फुलचंदभाऊंना तीन, हिवराच्या कुंडीला चार. कुणासाठीही वाजली तरी चारी ठिकाणी वाजते. ज्याची खूण असेल त्यानेच उचलायचं. पण आज पहिल्याच दिवशी सगळेच उचलत होते. मी तांड्यातल्या रामीबाईशी बोलत होतो (शेवटची कुंडी ती आणि तिचा नवरा फुलसिंग सांभाळतात), तर आवाज बारीक बारीक होत गेला. जितके जण कान लावतात तितका तो वाटला जातो.

"कोण कोण ऐकून राह्यलं?" मी विचारलं.

मग मदनसिंग पंपावरून म्हणाला, "मी नाई ऐकून राह्यलो."

रामीबाई इतकी हसली की तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

उद्या शेवटच्या कुंडीची पहिली पाळी. सगळे जोड पाहून आलो. फुलचंदभाऊंकडे चहा झाला. ते संस्थेच्या कमिटीवर आहेत, पण बोलायला मोकळे. "काम लय साफ आहे बाबू तुह्यं," म्हणाले. त्यांच्याकडे येणारी तार आणि पुढे जाणारी तार एकाच पितळी खिळ्यावर कशी बसवली आहे, हे त्यांनी बारकाईने विचारलं. इतक्या आस्थेने आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी खोलून दाखवलं आणि पुन्हा घट्ट केलं.

बुधवार, १८ डिसेंबर

माळ तुटली. सकाळी रामीबाईने हँडल फिरवून फिरवून हात दुखवून घेतला, पंपावर काही वाजलं नाही. फुलसिंग धावत निघाला. तो पोचला तेव्हा मधल्या कुंडीचं पाणी सुरू होऊन गेलं होतं. आम्हाला मिळालं ते त्यांचं उरलेलं, वीज जाईपर्यंतचं. अर्धे वाफे कोरडे राहिले.

दोष मीच शोधला. फुलचंदभाऊंच्या खिळ्यावरून पुढची तार सुटली होती. मी काल खोललं तेव्हा मळसूत्र पुरतं आवळलं गेलं नसावं. फुलचंदभाऊंना वाईट वाटलं. "होते असं. नवीन काम आहे," म्हणाले.

चूक माझीच. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

सगळे जोड नव्याने बांधले. आधी तारेला दोन वेढे देत होतो, आता तीन. मळसूत्राखाली चकती घातली. आता सुटायचं काही कारण नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी १९७५

पुन्हा तेच. पुन्हा आमच्याच पाळीला, पुन्हा त्याच खिळ्यावर. तीन वेढे दिलेली तार सरळ होऊन लोंबत होती.

फुलचंदभाऊ म्हणाले, कावळे बसतात, त्यांच्या वजनाने सुटत असेल. रामीबाई तिथेच होती. पाण्यासाठी भांडायला आलेली होती, पण वाफे भरायला लागलेले पाहून नुसती उभी राहिली.

"कावळ्याले आमचीच पाळी बरी समजते भाऊ," ती म्हणाली. "पंचांग वाचते काय तो?"

प्रश्न विचार करण्यासारखा आहे. कावळे कोणत्या दिवशी येतात ते आता बघून ठेवीन.

घरी आई जेवायला वाढताना म्हणाली, "तुहा जोड लय शहाणा आहे रे देवमन. दुसऱ्याच्या पाळीले जागा राह्यते अन् आपल्या पाळीले झोपते." आईचा गहू गुडघ्याला लागायला हवा होता. पिवळा पडला आहे. तिने मला बोलण्यात गैर काही नाही. पण तीन वेढे दिले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

मामांनी खिळा हातात घेऊन पाहिला, तारेचं टोक पाहिलं. "तार आपल्या आपण सरळ होत नसते," एवढंच म्हणाले आणि बिडी पेटवली.

म्हणजे तारेचंच पोलाद कमी प्रतीचं असावं.

रविवार, ५ जानेवारी

काल दिवसभर विचार केला आणि आज मामांकडे जाऊन सांगितलं, की मला माळ नको. माळेत मधला एक मणी निसटला की पुढचे सगळे गेले. शेवटच्या माणसाचं बोलणं मधल्या सगळ्यांच्या दारातून जातं. मी कितीही घट्ट बांधलं तरी हा दोष बांधणीचा नाही, माळेचाच आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मामा खूश झाले. "मंग सांग, चाक काहून नाई?"

मी सांगितलं: चाकात एक आरा मोडला तर बाकीचे चालतात, हे चांगलं. आपलं बोलणं दुसऱ्या कुणाच्या दारातून जात नाही, हे आणखी चांगलं. पण तार फार लागते. शिवाय सगळं तुंब्यावर. मदनसिंग जेवायला गेला की कुणाचंच कुणाशी बोलणं नाही. आता तो चांगला माणूस आहे. उद्या दुसरा कुणी पंपावर आला, आणि त्याला एखाद्या आऱ्याचा राग असला तर?

"अन् कडं?"

कड्यात प्रत्येकाला दोन वाटा. डावीकडून बंद तर उजवीकडून जायचं. एका ठिकाणी तुटलं तरी कडं वाकून माळ होते, पण बोलणं थांबत नाही. शेवटचा असा कुणी राहतच नाही.

"एक खोट आहे त्यात," मामा म्हणाले. "तुटलं तरी समजत नाई. सगळं चालू दिसते. अन् मंग दुसऱ्या जागी तुटलं, का मधले दोघंतिघं गपगार. म्हणून रोज सकाळी पंपावर कडं खोलाचं. एका टोकावरून हाक देऊन पाहाची, मंग दुसऱ्या टोकावरून. कुठवर आवाज जाते त्याच्यावरून भोक सापडते."

हे मला फार आवडलं. कडं स्वतःच सांगतं कुठे दुखतं ते.

तार नाही, ही एकच अडचण. हिवराच्या कुंडीपासून गायरानातून, तांड्याच्या मागून पंपापर्यंत आणायची आहे. विकत घेण्याचा प्रश्नच नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

तार मिळाली. उपाय रामीबाईने काढला. काल तांड्यात जाऊन मी कड्याचं सांगत होतो, तर ती उठली आणि दारापुढची कपडे वाळत घालायची तार सोडून माझ्यापुढे टाकली.

"घे. किती पाह्यजे?"

आज वस्तीतल्या आणि तांड्यातल्या सगळ्या वाळवणाच्या तारा निघाल्या. आमची आईने स्वतः सोडून दिली. लुगडी आता कुंपणावर आणि बोरीवर पसरली आहेत. आई म्हणाली, "लुगड्याले काटे लागले तं चालते. पण या डावी पाणी आलं पाह्यजे, समजलं काय."

अडचण अशी की एकेका घरची तार आखूड. म्हणजे दर थोड्या अंतरावर जोड. एकही गंजलेला चालणार नाही. प्रत्येक टोक विटेच्या तुकड्याने घासून पांढरं केल्याशिवाय जोडत नाही. फुलसिंग म्हणतो, नवरीचेसुद्धा पाय इतके घासत नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

कडं पुरं झालं. दोन्ही टोकं पंपावर जोडली.

तीळगूळ द्यायला फुलचंदभाऊंकडे गेलो आणि जमिनीवर काडीने आकृती काढून त्यांना सगळं समजावलं. हा पंप, ही खोली, हे तुम्ही, ही शेवटची कुंडी, आणि हे मागून फिरून आलं. आता कावळा बसला तरी हरकत नाही, असंही सांगितलं. ते "वा, वा" म्हणत होते, पण त्यांचं लक्ष कापसाच्या गाडीकडे होतं. शेलूबाजारला निघायचं होतं त्यांना. जाताना विचारलं, "पण माह्याकडचा खिळा तं तोच ना?" तोच, म्हटलं.

रविवार, १९ जानेवारी

उद्या पाळी. गहू ओंबीवर येतो आहे. आताचं पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही, मग पुढे कितीही पाणी दिलं तरी उपयोग नाही. पण मी भीत नाही. कडं चांगलं आहे. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

सोमवार, २० जानेवारी

सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी पंपावर गेलो. मदनसिंग मोटारीजवळ बसला होता. मी मामांनी सांगितल्याप्रमाणे कडं खोललं. पहिल्या टोकावरून हाक दिली: खोलीतून मामा बोलले, फुलचंदभाऊ बोलले, पण हिवराच्या कुंडीवरून काही नाही. दुसऱ्या टोकावरून हाक दिली: रामीबाई लगेच बोलली, बाकी कुणी नाही. म्हणजे फुलचंदभाऊ आणि रामीबाई यांच्यामध्ये तार तुटलेली. पुन्हा तोच खिळा! दोन्ही टोकं परत जोडली आणि पकड घेऊन निघणार, तेवढ्यात घंटी वाजली. एकच, लांब. पंपाची खूण.

मदनसिंगने उचललं. मीही कान लावला.

"हिवराच्या कुंडीवरून रामीबाई बोलून राह्यली. आमचं दार उघडं आहे. पाणी सोडा!"

आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. इतका बारीक, म्हणजे सगळ्यांनीच उचललेलं होतं. मदनसिंग "सोडतो बाई" म्हणणार, इतक्यात मध्येच कुणीतरी मोठ्याने बोललं. फुलचंदभाऊंचा आवाज.

"आँ! तार तं माह्या हातात आहे! हे कुठून बोलून राह्यली?"

मला वाटलं, त्यांना खरंच कोडं पडलं आहे, आणि मी आकृती काढली तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणून मी समजावून सांगितलं, "भाऊ, तुमच्या हातातली तार म्हणजे कड्याची एक बाजू. रामीबाईचा आवाज दुसऱ्या बाजूने, तांड्यामागून पंपावर येतो, आणि पंपावरून खोलीमार्गे तुमच्यापर्यंत पोचतो. तुम्ही तार हातात धरली तरी काही बिघडत नाही."

"अस्सं," फुलचंदभाऊ म्हणाले.

मग रामीबाई बोलली. "कायले धरून उभे राह्यले भाऊ? धोतर वाळू घालाचं आहे काय त्याच्यावर?"

मामांचं हसू आधी ऐकू आलं, मग मदनसिंगचं, एकदम कानात आणि शेजारी. फुलसिंग मागून काहीतरी ओरडत होता. फुलचंदभाऊंनी ठेवून दिलं, कारण आवाज जरा मोठा झाला.

मदनसिंगने मोटार सुरू केली. मला म्हणाला, "देवमन, तू खरंच भोळा आहे का सोंग करून राह्यला?"

तेव्हा मला समजायला लागलं. हळूहळू, पंपाच्या आवाजात, एकेक पाळी मागे जाऊन. मळसूत्र. तीन वेढे. चकती. कावळे. त्यांनी इतक्या आस्थेने विचारलं होतं, आणि मी खोलून दाखवलं होतं.

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण लिहायचं ते खरं लिहायचं. सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की माझा एकही जोड ढिला नव्हता.

पाणी दुपारच्या आत हिवराच्या कुंडीवर पोचलं. आई दारावर होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फावडं. एकेक वाफा भरला की माती ओढून दुसरा फोडत होती. मला बघून म्हणाली, "उभा काय राह्यला? तिकडचं दार धर."

बुधवार, २२ जानेवारी

फुलचंदभाऊंकडे गेलो नाही. पण सकाळी कडं खोलून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी सगळे बोलले. म्हणजे तार त्यांनीच परत बसवली. "आहे," एवढंच म्हणाले.

मामांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना?

"पह्यल्या दिवशीच समजलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं? मी महिनाभर स्वतःला दोष देत होतो."

"सांगतलं असतं तं तू त्याच्या दारात भांडाले गेला असता. पुरावा काय? कावळा? अन् भांडणात कडं राहून गेलं असतं. त्याचा हात किती दिवस धरतं बे तू? आता धराचं कामच नाई."

मला हे पुरतं पटलेलं नाही. महिना म्हणजे महिना. पण कडं झालं, हे खरं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज मधल्या कुंडीची पाळी होती. सकाळी कडं तपासलं तर खोली आणि फुलचंदभाऊ यांच्यामध्ये तुटलेलं. काल कडब्याची उंच भरलेली गाडी खांब घेऊन पडली, असं मामांनी खोलीवरून सांगितलं. पकड घेतली, पण जायला वेळ लागणार होता. टोकं जोडून ठेवली.

तेवढ्यात पंपाची घंटी वाजली. पाळी त्यांची, म्हणजे फुलचंदभाऊ. आणि उचलता उचलता माझ्या लक्षात आलं, की खोलीकडची वाट बंद आहे, म्हणजे आज त्यांचं बोलणं शेवटच्या कुंडीवरून येणार. रामीबाईच्या खिळ्यावरून. तो कसा खोलतात हे मी तिलाही दाखवलं आहे. निरोप आला नाही तर पाळी कुणाला द्यायची हेही आता कमिटीने बदललं आहे: आता पाणी मधल्या कुंडीऐवजी शेवटच्या कुंडीला जातं.

ही बाब फुलचंदभाऊंनाही समजली असावी. खांब त्यांच्याच बांधावर पडला आहे, आणि आकृती या वेळी त्यांच्या लक्षात होती. कारण ते नेहमीसारखं "दार उघडं आहे" म्हणून मोकळे झाले नाहीत.

"रामीबाई," ते म्हणाले, "ऐकून राह्यली काय तू?"

"ऐकून राह्यली."

"गव्हाले पाणी पाह्यजे होतं मले."

रामीबाईच्या मागे फुलसिंग हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मी पकड घट्ट धरून उभा होतो. तिने तार काढली असती, तर मी तिला काय म्हणालो असतो, ते मला अजून ठाऊक नाही.

"ते मले नका सांगू," ती म्हणाली. "मदनसिंगले सांगा. बोला, येते तुमचा आवाज. तार जाग्यावर आहे."